जत्रेचं नाटक सगळ्यांना घेऊन कसं बसवायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दसरा उलटला की मला फोन यायला लागतात. आमच्या गावात एक मुलगा व्हीलचेअरवर आहे त्याला नाटकात काम करायचंय, किंवा आमच्याकडे एक मुलगी आहे ऐकू येत नाही पण नकला भारी करते, तर काय करू, कुठून सुरू करू. दरवेळी फोनवर तासभर तेच तेच बोलून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी काही मोठा दिग्दर्शक नाही, गोव्यात फोंड्याकडच्या एका गावात हौशी नाटकं करतो, पूर्वी काम करायचो आता बसवतो. दिसत नसलेले, ऐकू न येणारे, व्हीलचेअरवाले आणि बाकीचे असे मिळून आम्ही संशयकल्लोळ केलं आणि त्यात ज्या चुका केल्या त्यातलं हे शहाणपण आहे.

सुरुवातीलाच सांगतो, कोणी म्हणालं की ही सगळी नवीन फॅडं आहेत तर त्याला गावातला प्रॉम्प्टर दाखवा. आपल्याकडे जत्रेच्या नाटकाला दोन्ही विंगेत एकेक प्रॉम्प्टर असतोच, हातात वही, डोळ्यावर चष्मा, आणि आमचा एक राजा आहे, वर्गणी भरपूर गोळा करतो म्हणून त्याला दरवर्षी राजाचं काम मिळतं, सलग तीन वाक्यं त्याला पाठ होत नाहीत, तीस वर्षं झाली प्रॉम्प्टरच्या जिवावर राज्य करतोय. पेटीवाला त्याला पदाचा सूर तीनदा देतो, तबलजी सम आली की मान हलवून सांगतो. त्याची खास सोय केलीय असं आजवर कोणी म्हणालेलं नाही. मग दिसत नसलेल्या नटासाठी स्टेजवर एक दोरी टाकली की लगेच सगळ्यांना ती दोरी का दिसते?

१. आधी माणसं गोळा करा, नाटक मागाहून

उलटं करू नका. नाटक ठरवून मग "यात आंधळ्याचं काम आहे, एखादा आंधळा बघा रे" असं शोधायला निघालात तर जो मिळेल तो पोस्टरवर लावायच्या कामाचा. आम्ही गणपतीनंतर देवळाच्या अग्रशाळेत (देवळाची धर्मशाळा) तीन रविवार नुसत्या गप्पा, गाणी, नकला असं ठेवलं, कोणीही या. पहिल्या रविवारी चार जण आले त्यात दोघं चहासाठी. तिसऱ्या रविवारी अठरा. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट हा महोत्सव झाला तेव्हापासून आपल्याकडे या मंडळींच्या एकमेकांशी ओळखी वाढल्यात, एकाला सांगितलंत की पाच जणांना कळतं, त्यामुळे माणसं मिळत नाहीत हे कारण सांगू नका.

काय विचारायचं? आजाराचं नाव विचारू नका, काय लागतं ते विचारा. तालमीला कसा येणार, संहिता कशी वाचणार, किती वेळ बसू शकतोस, लखलख करणाऱ्या लाईटचा त्रास होतो का, फिट येते का, औषधाची वेळ कोणती. हे एका कागदावर लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका. आणि शब्दांचं म्हणाल तर सरकारी कागदावर दिव्यांग लिहितात, काहींना तो शब्द आवडतो काहींना अजिबात नाही, आमच्या नाटकात फाल्गुनरावाचं काम करणारा, ज्याला दिसत नाही, तो म्हणतो मला सरळ आंधळा म्हणा नाहीतर नावाने हाक मारा. ज्याचं त्याला विचारलं की प्रश्न मिटला. फक्त मुका, बहिरा, वेडा हे शब्द तालमीच्या बाहेर ठेवा.

अजून एक. छोटी कामं वाटून मोकळे होऊ नका. आमच्यात डाऊन सिंड्रोम असलेला एक मुलगा आहे, आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात त्याला एखाद्या नोकराचं दोन वाक्यांचं काम देऊन टाकलं होतं. त्याने पूर्ण वाचन ऐकलं आणि नाटकातला वैशाखशेठ मागितला. दिला. पेरूमधल्या लिमाच्या तेआत्रो ला प्लाझा या मंडळींनी डाऊन सिंड्रोम असलेले कलाकार घेऊन हॅम्लेट केलंय, त्यात हॅम्लेट एकटा कोणी नाही, आळीपाळीने सगळेच होतात. तिथे राजपुत्र चालतो तर आपल्याकडे शेठ चालायला काय हरकत आहे.

२. नाटक निवडताना

पहिलं हक्कांचं बघा. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी नाटक मोकळं होतं. किर्लोस्कर १८८५ ला गेले, देवल १९१६ ला, गडकरी १९१९ ला, खाडिलकर १९४८ ला, म्हणजे सौभद्र, शारदा, एकच प्याला, मानापमान हे सगळं मोकळं, कापा, वाढवा, उलटं करा. पण नटसम्राट १९७० चं, शिरवाडकर १९९९ ला गेले, त्याला हात लावायचा तर परवानगी घ्या. आणि जुन्या नाटकाची कोणी अलीकडे केलेली रंगावृत्ती (प्रयोगासाठी बेतलेली प्रत) उचलाल तर त्या रंगावृत्तीचे हक्क वेगळे असतात, तिथे पुष्कळ जण फसतात. मूळ पुस्तकावरूनच काम करा.

आता खरा मुद्दा. जुनं नाटक घेतलं आणि त्यातली दोन पात्रं व्हीलचेअरवर बसवली, बाकी सगळं तसंच, तर प्रेक्षक दहा मिनिटं व्हीलचेअर बघतो आणि मग नाटकात रमतो, वाईट नाही, पण त्यात नवीन काय केलंत? नाटक चालतं कशावर ते शोधा. त्याचा खटका कुठे आहे? संशयकल्लोळ घ्या. देवलांनी ते आधी गद्यात लिहिलं, १८९३ चं फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा, मग १९१६ ला ते संगीत झालं. नावातच सांगितलंय बघा, तसबिरीचा घोटाळा. नायिका रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, बायको कृत्तिका ते लांबून बघते आणि नको ते समजते. रेवतीच्या हातून तिच्या प्रियकराची, आश्विनशेठची, तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, कृत्तिका ती बघत असताना नवरा तिला पकडतो आणि तोही नको ते समजतो. म्हणजे सगळं नाटक अर्धवट बघण्यावर आणि अर्धवट ऐकण्यावर उभं आहे.

तर आमचा फाल्गुनराव दिसत नसलेला आणि कृत्तिका ऐकू न येणारी. हे आम्ही काही डोकं लावून ठरवलं नव्हतं, अठरा जणांत सगळ्यात तिखट भांडणारे दोघं हेच होते म्हणून त्यांना नवरा-बायको केलं. पण बसवायला घेतल्यावर कळलं की आता दोघांनाही निम्मंच कळतंय, त्याला आवाजाचं, तिला चेहऱ्याचं, आणि दोघंही उरलेलं निम्मं मनाने भरून काढतायत. मूळ नाटकात फाल्गुनराव जरा बावळटच वाटतो, एवढा कसा संशय घेतो हा. आमच्याकडे तसं वाटत नव्हतं, तसबिरीत कोण आहे ते त्याला दुसऱ्याला विचारावंच लागतं ना.

असं तुमच्या नाटकात शोधा. मृच्छकटिकात अंधारात घरं चुकतात, गाड्यांची अदलाबदल होते. सौभद्रात अर्जुन यती होऊन येतो आणि सुभद्रेला ओळखू येत नाही, आता सुभद्रेला दिसतच नसेल तर अर्जुनाला वेशापेक्षा आवाज लपवावा लागेल, तो कसा लपवणार? बसा विचार करत, मजा येते.

३. संहिता सगळ्यांच्या हातात गेली पाहिजे

इथे आम्ही पहिला महिना फुकट घालवला. जुन्या पुस्तकाचे पानापानाचे फोटो काढून पीडीएफ ग्रुपवर टाकला आणि खूश. फोनमधलं टॉकबॅक किंवा कॉम्प्युटरवरचं एनव्हीडीए म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, तिला तो नुसता फोटो, त्यातून एक अक्षर बोलत नाही. मग एकाने प्रेसमधून टाईप करून आणलं तर ते जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये, ते वाचून दाखवताना फोन असली बाराखडी बोलायला लागला की तालीम हसून हसून बंद पडली. तर युनिकोडमध्येच टाईप करा, साधी वर्ड फाईल, प्रत्येक वाक्याआधी पात्राचं नाव पूर्ण लिहा, रंगसूचना कंसात न टाकता वेगळ्या ओळीत. कमी दिसणाऱ्यांसाठी तीच फाईल १८ किंवा २० पॉईंटमध्ये छापा. ज्यांना वाचण्यापेक्षा ऐकून पाठ होतं त्यांना प्रवेशाप्रवेशाचे व्हॉईस मेसेज, सपाट आवाजात, अभिनय न करता, नाहीतर ते तुमच्याच लकबीसकट पाठ करतात (आमचा वैशाखशेठ दोन आठवडे माझ्यासारखा खोकायचा, मी रेकॉर्डिंग करताना खोकलो होतो).

ब्रेल येणारा असेल तर ब्रेल करून घ्या, पण दिसत नाही म्हणजे ब्रेल येतंच असं नाही, विचारा.

४. तालमी, दोरी आणि काकणं

नेहमीच्या नाटकाला महिनाभर तालमी करत असाल तर याला तीन महिने धरा. एकाच रात्री चार तास बसण्यापेक्षा दोन तासांच्या तालमी जास्त. मध्ये चहा हवाच.

दिसत नसलेल्या नटाला हाताला धरून इकडेतिकडे नेऊ नका, त्याला स्टेज शिकवा. आम्ही जाडजूड काथ्याची दोरी घेतली, बाजारात मिळते ती, आणि सतरंजीखालून टेपने घट्ट बसवली. एक दोरी स्टेजच्या पुढच्या काठापासून चार फूट आत, आडवी, तिच्यापुढे जायचं नाही. दुसरी मधोमध उभी. जिथे दोन्ही छेदतात तिथे पायाला जो गोळा लागतो ते फाल्गुनरावाचं घर, तिथून खुर्ची उजवीकडे तीन पावलं, दार डावीकडे पाच. अनवाणी किंवा पातळ वहाणेत काम करायचं, बुटात दोरी कळत नाही. आणि संगीत नाटकाचा एक फायदा मला याच वेळी कळला, ऑर्गन आणि तबला पूर्ण वेळ एका जागेवरून हलत नाहीत. तबला एका बाजूला, ऑर्गन दुसऱ्या बाजूला, मधल्या मधल्या वेळात दोघांनी बारीक काहीतरी वाजवत राहायचं, नटाला कुठेही तोंड करून उभं केलं तरी दिशा कळते. समुद्रात दीपस्तंभ असतो तसं. आमचे तबलजी बाब सुरुवातीला कुरकुरले की विनाकारण वाजवायचं म्हणजे काय, मग त्यांना त्यातच रस यायला लागला, फाल्गुनराव चिडला की ते बोटांनी नुसतं घुमवायचे.

आता काकणांचं. कृत्तिकेच्या हातात आम्ही दोन्हीकडे डझनभर काचेची हिरवी काकणं घातली, लग्नाची बाई म्हणून सहज. तिसऱ्या-चौथ्या तालमीला फाल्गुनराव म्हणाला, मला ती कुठे आहे ते काकणांवरून बरोबर समजतं, मला तिच्याकडे तोंड करायला सांगू नका, मी आपणहून करतो. ठीक. मग तसबिरीचा प्रवेश आला. कृत्तिकेला तसबीर सापडलीय, ती निरखून बघतेय, मागून फाल्गुनराव येतो. आमची कृत्तिका थांबली, आणि स्वतःहून तिने एकेक काकण काढायला सुरुवात केली, आवाज न करता, काढून पदरात ठेवली. म्हणजे आता नवऱ्याच्या दृष्टीने ती खोलीत नाहीच. तो मधल्या दोरीवर उभा राहून मान इकडे तिकडे वळवतोय, तबला बंद, आणि ती त्याच्यापासून दोन हातांवर तसबीर बघत उभी. तिने ती काकणं तसबिरीतल्या तोंडावर उजेड पडावा म्हणून खाली वाकताना नेमकी सांडली, खळ्ळकन, आणि तो वळला. देवलांनी यातलं काही लिहिलेलं नाही. आम्ही एक शब्द न वाढवता तो प्रवेश तसाच ठेवला. (काचेचे तुकडे अनवाणी पायाखाली येतात म्हणून सांडायची काकणं मागाहून प्लास्टिकची केली, पण त्यांचा आवाज येत नाही, मग विंगेतून एकाने ताटलीत काचेची टाकायची. असले जुगाड करावे लागतात.)

ऐकू न येणाऱ्या नटाचं गणित वेगळं. क्यू डोळ्याला मिळाला पाहिजे. शब्दावर एन्ट्री न ठेवता हालचालीवर ठेवा, तो खुर्चीवरून उठला की तू ये. जिथे हालचाल नाही तिथे विंगेत छोटा लाल बल्ब लावा आणि प्रॉम्प्टरच्या हातात बटण द्या. तिच्यासाठी प्रॉम्प्टर विंगेत बसून उपयोग नाही, तो पहिल्या रांगेच्या मधोमध बसला पाहिजे, खुणा करणारा, गडद शर्ट घातलेला, तोंडावर थोडा उजेड. पदाच्या वेळी ती तबल्याजवळच्या फळीवर उघड्या पायाने उभी राहायची, ठेका पायाला लागतो.

५. खुणांची भाषा: इथे घाई करू नका

कृपया यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघून संवादाच्या खुणा स्वतः ठरवू नका. भारतीय सांकेतिक भाषा ही मराठीचं हातवाऱ्यांनी केलेलं भाषांतर नाही, तिचं व्याकरण वेगळं आहे, वाक्याची रचना वेगळी आहे, अर्धा अर्थ भुवयांत आणि गालांत असतो. संवादांच्या खुणा ज्याची ती भाषा आहे त्यानेच बसवायच्या, इंटरप्रिटर मदतीला. इंटरप्रिटर वेळेवर शोधायला गेलात तर मिळत नाही, तारीख ठरली की पहिला फोन त्यालाच. संहिता महिनाभर आधी द्या, पदांचा अर्थ समजावून द्या, मृगनयना म्हणजे काय आणि ती रसिक मोहिनी कशी यावर आमची एक पूर्ण संध्याकाळ गेली. संपूर्ण प्रयोग एकाच इंटरप्रिटरच्या गळ्यात टाकू नका, वीस-तीस मिनिटांनी हात आणि डोकं दोन्ही थकतं, दोघं पाहिजेत.

आम्ही दोनातल्या एकाला नाटकातच घेतलं. फाल्गुनरावाचा नोकर भादव्या. आता घरात नवऱ्याला बायकोच्या खुणा दिसत नाहीत, बायकोला नवऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, मधला माणूस म्हणजे भादव्या, दोघांचं दोघांना सांगणारा. आणि तो जे सांगतो ते कधी पूर्ण नसतं, कधी कंटाळा करतो, कधी स्वतःचं मत घालतो. कृत्तिका दोन मिनिटं हातांनी तावातावाने बोलते, भादव्या म्हणतो, "बाईसाहेब म्हणतात, नाही." बस, एवढंच. प्रेक्षागृह फुटलं हसून, आणि सगळ्यात जास्त हसत होते ते मागे बसलेले ऐकू न येणारे लोक, कारण ती खरं काय बोलली ते फक्त त्यांना कळलं होतं. हे आपल्या नाटकात पूर्वी कधी झालं असेल का, की बाकी सगळे दुसऱ्याचं हसणं बघून विचारतायत, काय झालं काय झालं?

याच्यात एक जागा अशी आली की मी अजून विसरलो नाही. भांडणाचा प्रवेश, मी फाल्गुनरावाला सांगितलं की इथे तू तिचा हात पकड, नेहमीचीच जागा आहे, सगळे फाल्गुनराव पकडतात. त्याने चाचपून दोन्ही मनगटं धरली. आणि ती गप्प. मला वाटलं वाक्य विसरली. प्रॉम्प्टर खुणा करतोय, ती त्याच्याकडे बघून मान हलवतेय, नाही नाही. मग भादव्या म्हणाला, सर, हात धरल्यावर ती बोलणार कशी? आम्ही सगळे तिथेच खाली बसलो. हात धरला म्हणजे तिचं तोंडच दाबलं की. प्रयोगात आम्ही ते तसंच ठेवलं, पूर्ण दहा आकडे मोजेपर्यंत तो धरून ठेवतो आणि विचारतो बोल, बोल की, आता का बोलत नाहीस. त्या जागी कोणी हसत नाही.

६. स्टेज आणि रॅम्प

आमचा आश्विनशेठ व्हीलचेअरवर. नियम साधा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांब रॅम्प. गावातलं स्टेज साडेतीन फूट उंच असतं म्हणजे बेचाळीस फूट लांब रॅम्प, वर पोचल्यावर वळायला पाच बाय पाचची सपाट जागा. हा आकडा मंडपवाल्याला सांगितला की तो हसतो. आमच्या मंडपवाल्याने "रॅम्प करतो, चिंता नको" म्हणत ऐनवेळी पायऱ्यांवर दोन प्लायवूड टाकले, शिडीच ती, आश्विनशेठ खालून वर बघून म्हणाला मी हिमालय चढायला आलोय का. चार पोरांनी खुर्चीसकट उचलून नेऊ असंही सुचवतात, नको, पडला तर एक आणि त्याला पोतं समजून उचललं हे दुसरं.

उपाय: स्टेजच करू नका. आपल्याकडे जागर, रणमालं ही लोकनाट्यं होतात ती मांडावर, गावातल्या ठरलेल्या जागेत, जमिनीवरच ना? सभामंडपासमोर जमिनीवर जागा आखा, तीन बाजूंनी लोक, मागच्या रांगांना खुर्च्या पुढच्यांना चटया. नाहीतर एक फूट उंचीचं स्टेज, बारा फूट रॅम्प, झालं. सतरंजीच्या सुरकुत्यांत आणि फळ्यांच्या फटीत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं अडकतात, वरून सलग प्लायवूड टाका. आणि दोरी सतरंजीखाली आहे हे मंडपवाल्याला दहा वेळा सांगा. आमच्या पहिल्या प्रयोगाला त्याच्या माणसाने "खराब सतरंजी" काढून नवी कोरी लाल कार्पेट घातली, दोऱ्या सगळ्या गुंडाळून कोपऱ्यात. पडदा उघडायला पाऊण तास. लोकांनी तेवढ्यात चणे-खाजं खाऊन घेतलं, तक्रार कोणाचीच नाही, पण माझं बीपी वाढलं ते वाढलंच.

संडास. हे कोणी विचारत नाही, तुम्ही विचारा. अग्रशाळेचा संडास तीन पायऱ्या वर असतो आणि दार सव्वादोन फुटी. व्हीलचेअर जात नसेल तर आधीच पर्याय शोधा, नट दिवसभर पाणी न पिता बसतो आणि कोणाला कळतही नाही.

महाजनांशी, म्हणजे देवळाच्या कारभाऱ्यांशी, बोलताना भांडू नका. एक अर्ज द्या, त्यात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ लिहा, ते सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याबद्दल आहे, आणि अर्जासोबत रॅम्पचं चित्र जोडा. कलमापेक्षा चित्राचा जास्त उपयोग होतो, असा माझा अनुभव.

७. वेळ आणि पैसे

जत्रेचं नाटक पालखीनंतर बाराला सुरू होऊन कोंबडं आरवेपर्यंत चालायचं, ते दिवस गेले. तसाही लाऊडस्पीकर दहाला बंद, खास परवानगीचे दिवस असले तर बारापर्यंत. सातला सुरू करा, सव्वादोन तासांत संपवा. पाच अंकी नाटक कापताना पदं कापायला मन होत नाही, पण कापा. रात्री नटांना घरी पोचवायची गाडी आधी ठरवा, त्या वेळी कदंबाची सरकारी बस मिळत नाही आणि घडी न होणारी व्हीलचेअर रिक्षात मावत नाही. मानधन सगळ्यांना सारखं. "त्यांना संधी मिळाली हेच खूप" असं म्हणणारा एक तरी भेटतो, त्याला हिशोबाची वही देऊ नका.

८. प्रेक्षकांचं

दिसत नसलेले प्रेक्षक येणार असतील तर प्रयोगाआधी अर्धा तास त्यांना स्टेजवर आणा. फाल्गुनरावाची काठी, पगडी, कृत्तिकेचा शालू, आश्विनशेठची चाकांना झेंडू लावलेली खुर्ची, सगळं हाताळू दे, नटांनी आपापल्या आवाजात दोन वाक्यं बोलायची म्हणजे आवाज ओळखीचा होतो. स्वागत थोरातांनी दिसत नसलेले कलाकार घेऊन अपूर्व मेघदूत केलं, त्यांनीच २००८ मध्ये स्पर्शज्ञान हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, ज्यांना या वाटेने जायचंय त्यांनी त्यांचं काम जरूर बघावं.

प्रयोग चालू असताना कानात वर्णन सांगायचं तर भाड्याचे रिसीव्हर मिळतात, नाही मिळाले तर आम्ही केलं तसं करा, फोनवर ग्रुप कॉल आणि प्रत्येकाला इयरफोन, सांगणारा मागच्या बाजूला. संवादांच्या मधल्या फटीतच बोलायचं. "ती दुःखी झाली" असं म्हणायचं नाही, "ती खाली बसली, पदर तोंडावर घेतला" एवढंच, बाकीचं ऐकणारा बघून घेईल. वर्णन करणाऱ्याला मी एकच सांगायचो, तू भादव्या होऊ नकोस.

ऑटिझम असलेली मुलं आली तर अचानक पूर्ण काळोख नको, फटाके नकोत, बंदुकीचे बार नकोत, मंडपात थोडा उजेड राहू दे, उठून फिरलं तर फिरू दे. शहरातल्या थिएटरांत याला खास वेगळा प्रयोग लावतात. आपल्याकडे जत्रेत पोरं चटईवर झोपलेली, आज्या पान कुटतायत, अर्धे लोक उठून फेरी मारून परत येतायत, हे असंच असतं की, फक्त दटावणाऱ्या स्वयंसेवकाला जरा आवरा.

९. निवेदकाचा माईक

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. तुम्ही तीन महिने घाम गाळता आणि पडदा उघडायच्या आधी निवेदक सुरू होतो, "देवाने यांचे डोळे काढून घेतले पण…" आमच्या एका प्रयोगाला तो आठ मिनिटं बोलला, पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे टिपायला लागल्या, आणि मग विनोदी नाटक सुरू झालं. पहिला पूर्ण अंक कोणी हसेना. हसावं की नाही याचीच भीती. फाल्गुनराव विंगेत येऊन म्हणाला, मेलेत का सगळे? तेव्हापासून निवेदन आम्हीच लिहून देतो, चार ओळी, नाटकाचं नाव, लेखक, नटांची नावं, मोबाईल बंद करा. आणि माईक काढून घेतो. सत्कार असेल तर शाल-श्रीफळ नाटकानंतर, आणि मग राजापासून तबलजीपर्यंत सगळ्यांचा.

शेवटी टाळ्यांचं: ऐकू न येणाऱ्यांसाठी हात वर करून हलवतात, पण ते फाल्गुनरावाला कळत नाही. आधी हलवा, मग वाजवा.

१०. दुसऱ्या दिवशी

सगळ्यांना बोलवा, भजी मागवा, काय चुकलं ते विचारा, आणि पहिल्यांदा तुम्ही बोलू नका. आमच्या कृत्तिकेने तेवीस चुका लिहून आणल्या होत्या त्यातल्या एकोणीस माझ्या. पुढच्या जत्रेची तारीख त्याच दिवशी ठरवा. आणि काथ्याची दोरी तशीच पोत्यात कोंबून ठेवू नका, उन्हात दोन दिवस चांगली वाळवा, आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि पुढच्या वर्षी फाल्गुनराव घसरतो.